मोहर्लीची जिप्सी

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमागे पत्र्याची एक शेड आहे. रात्री अकरा वाजता तिथून ग्राइंडर किंचाळला आणि पाठोपाठ होस्टेलच्या खिडक्यांतून शिव्या ऐकू आल्या, की समजायचं, बाहा टीम जागी आहे. त्या टीमच्या सस्पेन्शनवाल्या चौघांत मी एक, त्यामुळे त्या शिव्यांत माझाही वाटा असतोच. ए ब्लॉकवाल्यांनो, सॉरी हं!

ज्यांना बाहा ठाऊक नाही (आयटी आणि सिव्हिलच्या मंडळींनो, तुमच्यासाठीच), त्यांना थोडक्यात सांगते. एसएई इंडियाची ही स्पर्धा २००७ पासून होते, सुरुवातीपासून इंदूरजवळच्या पिथमपूरशी तिचं नाव जोडलेलं आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः एक बग्गी बांधायची. नळ्यांचा पिंजरा, दहा हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन, चार जाडजूड टायर आणि एकच सीट. मग ती चढावर, चिखलात, दगडांवर पळवायची आणि शेवटी सलग चार तास पळवायची. जी मोडत नाही ती जिंकते. आमची कधी कुठे मोडली हे विचारू नका, एचओडी सरही हा लेख वाचणार आहेत.

तर अशा डोक्याच्या माणसांना गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने फोटो पाठवले. तो जर्मनीत नोकरी करतो आणि सुट्टीत ग्रीसच्या क्रीट बेटावर गेला होता. फोटोत तो हेल्मेट, गॉगल आणि तोंडाला रुमाल अशा अवतारात एका बग्गीत बसलेला! तिथे म्हणे पैसे भरले की बग्गी तुमच्या ताब्यात. पुढे गाईडची गाडी, मागे रांगेने दहा-बारा बग्ग्या, ऑलिव्हच्या बागांतून, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून नुसती धूळ उडवत जायचं. समुद्र दिसला की थांबायचं, फोटो काढायचे, परत धूळ. दादाने खाली लिहिलं होतं, ‘बेस्ट सफारी एव्हर’. मी सहज शब्द शोधला. सफारी हा आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द, त्याचा अर्थ नुसता ‘प्रवास’, आणि तो अरबीतल्या त्याच मुळातून आलाय जिथून आपला ‘सफर’ आला. म्हणजे वाघ-सिंह त्या शब्दात मुळात नाहीतच. दादाचं बरोबर होतं.

फोटो टीममध्ये फिरले. सगळ्यांनी उसासे टाकले. तेव्हा माझी रूममेट, जी इलेक्ट्रिकलची आहे आणि आमच्या ग्रीसच्या वासाने कायम वैतागलेली असते, ती पलंगावरून म्हणाली, “क्रीट काय घेऊन बसले बे? आमच्या मोहर्लीला चला.”

ती चंद्रपूरची. दुर्गापूरला राहते, तिचे बाबा औष्णिक वीज केंद्रात आहेत. मी ठाण्याची, शाळा कॉन्व्हेंट, जिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दंड होता. त्यामुळे माझ्या विदर्भाबद्दलच्या ज्ञानात संत्री आणि ऊन एवढेच दोन धडे होते. पण ‘उघडी फोर बाय फोर, कच्चा रस्ता, सोबत गाईड’ हे तीन शब्द तिने उच्चारले आणि आम्ही एप्रिल २०२५ मधली तारीख पक्की केली. मंगळवार सोडून, कारण मंगळवारी ताडोबाला सुट्टी असते. शनिवार-रविवारही सोडून, कारण तेव्हा दर चढा असतो आणि आमचे खिसे तुम्हाला माहीत आहेत. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. टीमचे चौघं, मी धरून, रूममेट आणि तिच्या वर्गातली एकजण. बरोब्बर सहा. बुकिंग ऑनलाइन, आणि ज्या ओळखपत्राचा नंबर टाकला तेच गेटवर दाखवावं लागतं. एकाने कॉलेजचं आयकार्ड आणलं होतं, त्याला रात्री घरून आधारचा फोटो मागवावा लागला. असो.

मुक्काम अर्थातच रूममेटच्या घरी. काकूंनी सांबारवडी आणि कढीचा असा काही बेत केला होता की आमच्या मेसच्या काकांनी तो पाहिला असता तर नोकरी सोडली असती. (सांबारवडीत सांबार नसतो बरं का. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांनी नोंद घ्यावी.) जेवताना काका वीज केंद्राबद्दल सांगत होते. २९२० मेगावॉट क्षमता, राज्यातलं सगळ्यात मोठं सरकारी वीज केंद्र. त्याला पाणी इरई धरणाचं आणि ते धरण म्हणजेच मोहर्लीच्या रस्त्यावर दिसणारा तो प्रचंड तलाव. कोळसा आजूबाजूच्या खाणींतला. मग सहज, कढी वाढून घेता घेता ते म्हणाले की फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या केंद्राच्या आवारातूनच, ड्यूटी संपवून सायकलवर घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने मारलं. दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एका सोळा वर्षांच्या मुलाला नेलं. काकू म्हणाल्या, “जेवताना कशाले सांगता?” काका म्हणाले, “जंगलात चालले ना पोरं, सांगू नको?”

आम्ही होस्टेलवर रात्री दोन वाजता फॅन लावून पीएल काढतो. ती वीज कुठून येते हे इलेक्ट्रिकलच्या पेपरात मी लिहिलं आहे, मार्कही मिळाले आहेत. तिच्या रस्त्यात वाघ उभा असतो हे त्या पेपरात नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो. चंद्रपूर ते मोहर्ली साधारण तीस किलोमीटर. सुरुवातीला दुर्गापूर, पद्मापूरच्या उघड्या खाणी, कोळशाचे ट्रक, रस्त्याच्या कडेची काळी धूळ, दिव्यांचे झोत. आणि मग एका टप्प्यानंतर काहीच नाही. एकदम अंधार, थंड वारा, मोहाचा गोडसर, जरा आंबूस वास. हा बदल इतका झटक्यात होतो की कुणीतरी चॅनेल बदलल्यासारखं वाटतं.

गेटवर जिप्स्यांची रांग लागलेली. जिप्सी आणि गाईड दोन्ही पाळीने मिळतात, आपण निवडायचं नाही. आम्हाला जे ड्रायव्हरदादा मिळाले ते फार तर पंचविशीचे. गाईड एक ताई होत्या, खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, पायात साध्या चपला. ताडोबात बऱ्याच बायका गाईड आहेत, आजूबाजूच्या गावांतल्याच. मोबाइल बंद करून ठेवायला लावले, कारण आत मोबाइलला मनाई आहे. आमच्यातल्या एकाचा चेहरा असा झाला की जणू पेसमेकर काढून घेतला.

वाघ नंतर, आधी गाडी बघू दे मला. मारुतीने जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आणली, तेव्हा इंजिन ९७० सीसीचं. १९९६ मध्ये १३०० सीसीचं आलं आणि नंतर त्यातूनच सुमारे ८० हॉर्सपॉवर मिळू लागली. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आणि पाट्यांचे स्प्रिंग. आजच्या कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात याला जुनाट म्हणतील. पण वजन जेमतेम टनभर, काहीही मोडलं तरी गावातला मेकॅनिक हातोडी-पान्यावर दुरुस्त करणार. कंपनीने २०१९ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी ती बंद केली, २०२३ मध्ये तिच्याच घराण्यातली जिम्नी आली. पण जंगलात अजून जुन्या जिप्सीचंच राज्य आहे. छत काढलेलं, मागे पायरीसारख्या चढत्या सीटा, पकडायला लोखंडी दांडे. मी वाकून मागचे शॅकल बघत होते तर दादा म्हणाले, “काय पडलं का ताई?” मी म्हटलं, “नाही, स्प्रिंग बघतेय.” ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. “बऱ्या आहेत ना?” असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मी म्हटलं, “एकदम.”

आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी फक्त त्यांचे हात पाहिले. वेग इतका कमी की आमची बग्गी ट्रायलला ढकलत नेतो तेव्हाही जास्त असेल. पण बारकावे बघण्यासारखे होते. कोरड्या नाल्याच्या रेतीत उतरण्याआधीच गिअर खाली टाकलेला, आत ब्रेक नाही. पुढच्या गाडीच्या धुळीत जायचं नाही, तिची धूळ बसली की निघायचं, कारण धुळीत वास आणि दिसणं दोन्ही जातं. आणि थांबायचं ते जमेल तेव्हा उतारावर. का? तर निघताना सेल्फ मारावा लागत नाही, गाडी आपसूक घरंगळते आणि जनावर बिचकत नाही. दर दोन-तीनशे मीटरवर ते इंजिन बंद करत. आमच्या टीममध्ये इंजिन बंद पडणं म्हणजे शोकसभा. इथे ते मुद्दाम बंद होत होतं, आणि बंद झालं की ताई आणि दादा दोघंही मान जराशी वाकडी करून ऐकत.

काय ऐकत, तर बाकीच्यांची बोलणी. चितळ भेदरलं की एक तीक्ष्ण कुक्, माकडाचा खकारा, आणि सांबराचं पोंक्. ताई म्हणाल्या, “चितळ फेकते कधी कधी, उगाच ओरडते. सांबर खोटं नाई बोलत.” पाठीमागून आवाज आला, “म्हणजे चितळ आपल्या सीआरसारखं.” ताईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

रस्त्याच्या कडेने दगडी खांब दिसतात, माणसापेक्षा उंच, ठराविक अंतरावर. गोंड राजांच्या काळातले आहेत. सांगतात की त्यांच्यामधून दोरी ओवलेली असे, तिला घंटा, राजाची स्वारी निघाली की निरोप खांबाखांबाने पुढे जाई. ई अँड टीसीवाल्यांनी एकदा येऊन नमस्कार करावा अशी जागा आहे. ताडोबा नाव पडलं ते तारू या देवावरून. तो मूळचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, त्याचं ठाणं तलावाच्या काठी झाडाखाली आहे आणि पौषात आसपासचे आदिवासी तिथे पूजेला येत आले आहेत. ताई एवढंच म्हणाल्या, “आमचा देवच वाघानं मारलेला आहे, आता काय सांगू.”

मग त्यांनी आकडे सांगितले आणि माझी कॉन्व्हेंटची परीक्षा सुरू झाली. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, महाराष्ट्रातलं पहिलं. अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, बफर त्याभोवती आणखी अकराशेच्या आसपास. ‘सव्वासहाशे’ ऐकलं की माझ्या डोक्यात आधी सहाशे येतात, मग सव्वा म्हणजे काय यावर छोटी मीटिंग होते. तोवर गाडी जामणीला पोचली होती.

जामणी म्हणजे नुसतं उघडं गवताचं रान. चितळांचे कळप, मागे दोन रानगवे. “इथं घरं होते,” ताई म्हणाल्या. गाव होतं. गाभ्यातली गावं एकामागून एक बाहेर नेली. बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग २००७ मध्ये, नंतर नवेगाव, जामणी. जिथे शेतं होती तिथे आता गवत वाढलंय, गवताला चितळ आलंय, चितळाला वाघ. वाघ वाढण्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते चांगलंच झालं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण गवतातली चिंचेची झाडं पाहून पुढे निघताना कुणी जोक मारला नाही, हेही खरं.

साडेसातच्या सुमारास समोरून येणारी एक जिप्सी आमच्या शेजारी थांबली. दोन ड्रायव्हर दोन शब्द बोलले. तिथे वायरलेस नाही, मोबाइल नाही, नेटवर्क म्हणजे हे. दादांनी गिअर टाकला. एका वळणाला पोचलो तर आधीच सात-आठ गाड्या उभ्या, पुढून मागून. डाव्या हाताला दाट बांबू. आत वाघीण बसली आहे आणि सोबत पिल्लं आहेत, असं कळलं. उजव्या हाताला, उतारावर, पाणवठा. म्हणजे तिला रस्ता ओलांडून पाण्यावर यायचं होतं आणि रस्त्यावर आम्ही होतो.

आता इथे माझ्या मित्रांची बाजू नीट सांगते. आम्ही सहाजणांनी दोन महिने चहा-वडापाव कमी करून हे पैसे जमवले होते. पुढे सरकलो असतो तर एक फट होती, तिथून बांबूत सरळ दिसलं असतं. मागून एक जिप्सी त्याच फटीकडे यायला लागली. सगळे उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, “दादा, लवकर, लवकर!”

दादांनी रिव्हर्स टाकला.

चाळीस-पन्नास मीटर मागे जाऊन, वळणापाशी त्यांनी गाडी कडेला लावली आणि किल्ली फिरवली. एकदम शांतता. ताई मागे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “तिले रस्ता पाह्यजे.” आमच्यातला एकजण, ज्याचं नाव मी छापणार नाही, म्हणाला, “ताई, पण बाकीचे सगळे तिथेच आहेत ना.” ताई म्हणाल्या, “आहेत.” बस्स. यापुढे काही नाही.

वीसेक मिनिटं गेली. मग तिकडच्या गाड्यांमध्ये हालचाल झाली, आणि त्यांच्यामागे, आमच्यापासून लांब, धुळीत एक पाठ आणि एक शेपूट रस्ता ओलांडताना दिसली. मोजून तीन सेकंद. पिल्लं आम्हाला दिसली नाहीत. नंतर गेटवर कळलं की फटीतल्या गाडीतल्या लोकांना तिचं अख्खं तोंड दिसलं, पिल्लंही दिसली. म्हणजे मागे थांबल्याचं बक्षीस वगैरे काही मिळत नाही. उरलेल्या फेरीत गाडीत दोन पार्ट्या पडल्या आणि पुढची सीट बोलेना.

ताईंनी मग स्वतःहून सांगितलं. ३१ डिसेंबर २०२४ ला, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण तिच्या पाच बछड्यांसकट रस्त्यावर आली होती आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईड निलंबित झाले, दंड झाला. “ओरडणारे पर्यटक घरी गेले जी,” ताई म्हणाल्या, “काम बंद झालं ते त्यायचं.” निलंबन म्हणजे पाळी नाही, आणि पाळी नाही म्हणजे पैसे नाहीत. पण दादांनी रिव्हर्स भीतीनेच टाकला असं मला वाटत नाही. मी मागून त्यांचा हात पाहत होते. ‘लवकर, लवकर’ ऐकू येण्याच्या आधीच तो गिअरवर होता.

टीपवरून बाहेर आल्यावर थोडी बाचाबाची झाली. एकाचं म्हणणं, वाघ दाखवला नाही तर टीप कसली. मी म्हटलं, सर्कसचं तिकीट काढलं होतंस का. शेवटी वर्गणी निघाली. तोही आला, उशिरा, पण आला.

गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना दादांना मी आमच्या बग्गीचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन झूम करून नीट पाहिला. टायरचा साइज विचारला, इंजिन कुठलं, पेट्रोल किती खाते. मग म्हणाले, “मागं कोण बसते?”

“कुणी नाही. एकच सीट असते.”

“एकटाच?” त्यांना ते फार विचित्र वाटलं. मग मी क्रीटचे फोटो काढले. ते बघून तर टपरीवरचे आणखी दोन ड्रायव्हर जवळ आले.

“तिथं वाघ आहे?”

“नाही. मोठं शिकारी जनावरच नाही त्या बेटावर. रानबकऱ्या असतात, त्याही बग्गीच्या आवाजाला कशाला येतील.”

“मग पाह्यते काय?”

“काही नाही. गाडी चालवतात.”

“स्वतः? पैसे देऊन?” एकजण म्हणाला, “अन् आपण ड्रायव्हर असून पैसे घेतो, आपणच येडे.” सगळे हसले. दादा मात्र अजून फोटोतल्या रस्त्याकडे बघत होते. “रस्ता बेस आहे पण,” ते म्हणाले. मला फार बरं वाटलं. ते शेवटी आमच्याच जातीचे निघाले, गाडीवाले.

ताई चहा घेऊन माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, रोज येता का? रोज नाही, पाळी आली की. आणि बाकीचे दिवस? मोहाचे दिवस आता संपत आले, मग तेंदू. पहाटे अंधारात निघायचं, झुडपांतून वाकून वाकून पानं खुडायची, घरी आणून सत्तर पानांचा एक एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. पावसाळ्याआधी हातात रोख पैसा देणारं तेवढंच काम. सासू जाते, जाऊ जाते, पाळी नसली की त्याही जातात. मी विचारलं, “भीती नाही वाटत?” प्रश्न कॉन्व्हेंटचाच होता, पण त्यांनी नीट उत्तर दिलं.

“जिप्सीत बसलेल्या माणसाले वाघ माणूस समजत नाई. गाडी समजते. मोठं काहीतरी आहे, जाऊ दे म्हणते. पायी गेलं की आपण माणूस. अन् खाली वाकलं की माणूसही नाई.”

मग त्यांनी नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट सांगितली. कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक साथीदारांसोबत पायी पाहणी करत होत्या. रस्त्यात वाघीण बसलेली दिसली म्हणून थांबल्या, वाट पाहिली, वळसा घालून झाडीतून निघाल्या, आणि तरीही वाघिणीने त्यांना गाठलं. ती वाघीण म्हणजे माया, जिचे फोटो अर्ध्या जगाच्या कॅलेंडरवर होते. “तिनं चूक काही केली नव्हती,” ताई म्हणाल्या. मी विचारलं नाही की ‘तिनं’ म्हणजे कोणी.

निघताना त्यांनी नंबर दिला. परत आलात तर फोन करा, म्हणाल्या. पाळी असेल तर बघू.

मे महिन्यात आमची सबमिशन सुरू होती. रीडिंग रूममध्ये पेपर चाळताना बातमी दिसली. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात जिल्ह्यात आणखीही बळी गेले. सिंदेवाही मोहर्लीपासून पुष्कळ लांब, प्रकल्पाच्या पलीकडल्या अंगाला, हे मला रूममेटने नकाशावर दाखवलं. तरी मी फोन लावला. लागला नाही. रात्री लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या मध्ये लॅबबाहेर जाऊन लावला तेव्हा उचलला.

“कोण जी?”

मी सांगितलं, ती स्प्रिंग बघणारी. त्यांना आठवलं. म्हणाल्या, मी गेटवर होती, आत मोबाइल बंद असते ना. मी विचारलं, तेंदू? म्हणाल्या, “सुरूच आहे. काल सासू नाई गेली. आज गेली.”

मग मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की सरकार मृताच्या घरच्यांना आता पंचवीस लाख देतं असं पेपरात आलंय. त्या म्हणाल्या, हो, देते. २०२३ पासून वाढवले. मग जरा थांबून त्यांनी आमच्या बग्गीचं विचारलं. स्पर्धा झाली का? मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत आहे, यंदाच्या पाट्या नवीन घेतोय. मागून कुणीतरी त्यांना हाक मारली, पुडे मोजायला.

“ठेवतो जी,” त्या म्हणाल्या. “पाऊस याच्या आधी फळी बंद होते.”